गावात दारू, लंडनात निर्यात

दारूची लाज अंतरावर ठरते. जळकोटच्या बस थांब्यावर हातात बाटली दिसली तर माणूस बेवडा. तीच बाटली सोलापूरच्या हॉटेलात टेबलावर आली तर पार्टी. पुण्यात पाहुण्यांपुढे ठेवली तर पाहुणचार. आणि न्हावा शेवाच्या बंदरातून जहाजात चढून ती लंडनच्या दुकानात पोचली, तर तिला प्रगतिशील शेती म्हणतात. मग शाल-श्रीफळ मिळतं, जिल्हा पुरवणीत फोटो येतो आणि तालुक्याचे पुढारी फोटोत घुसायला धडपडतात. आतला द्रव बदलत नाही, नुसते किलोमीटर वाढतात.

हे अंतराचं शास्त्र आम्हा जळकोटकरांना थेट सर्वोच्च न्यायालयानं शिकवलं. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्ग आणि उमरग्याच्या मधे, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा निकाल डिसेंबर २०१६ मध्ये लागला. पुढं मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना सवलत मिळून हे अंतर २२० मीटरवर आलं. ज्या मुलखात शेताच्या बांधाची मोजणी दोन पिढ्या रखडते, तिथं रस्त्यापासून दुकानापर्यंतची मोजणी आठवड्यात उरकली. २१९ मीटरवर पाप आणि २२१ मीटरवर धंदा, हे त्या दिवसांत शाळकरी पोरांनाही तोंडपाठ झालं होतं.

अशा गावात राहून आमच्या मामांनी ऐन पाडव्याला, गुढी उतरायच्या आत, जाहीर केलं, "थॉमसन काढून टाकतो. वाइनची द्राक्षं लावतो. वाइन करतो. अन् लंडनला पाठवतो."

मामींनी पहिली तीन वाक्यं ऐकून कपाळाला हात लावला होता. चौथं ऐकल्यावर तो खाली घेतला.

"लंडनला व्हय? मग ठीक हाय. मला वाटलं गावात."

संध्याकाळी पारावर बातमी पोचली. तिथल्या माळकरी आबांनी एकच प्रश्न विचारला, "किती लांब हाय लंडन?"

"सात हजार किलोमीटर."

"मग माझी काय हरकत न्हाई."

माळकऱ्यानं हरकत घेतली नाही म्हटल्यावर गावानंही घेतली नाही. उलट दुसऱ्या दिवशी हॉटेलात मामांना चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. अजून वेल लागला नव्हता, मणी धरला नव्हता, पण मामा निर्यातदार झाले होते.

मामांच्या दृष्टीनं जगात माल दोनच प्रकारचा, एक्स्पोर्टचा आणि लोकल. त्यांची सारी हयात खायच्या द्राक्षात गेली. थॉमसन झाली, मग सोनाका झाली. सोनाका म्हणजे आमच्या शेजारची, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडून काढलेली जात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मधल्या काळात भुरी, केवडा, मिलीबग आणि सोसायटीचं कर्ज. मणी वाढीसाठीच्या जीएच्या द्रावणात बुडवायचा, विरळणी करायची, पट्टी लावून जाडी बघायची. सोळा-अठरा मिलिमीटर भरला तर युरोप, नाही तर उमरगा. घरात खायला नेहमी उमरगाच. मामांच्या पोरांना एक्स्पोर्टचं द्राक्ष कसं लागतं ते पहिल्यांदा कळलं २०१०मध्ये, कारण त्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड नावाच्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली. गावोगावच्या प्रगतिशील शेतकऱ्यांना ते नाव आजही देवाच्या नावासारखं न अडखळता घेता येतं. काडीची वाढ आवरायला फवारलेलं ते औषध महिन्यांनंतर थेट रॉटरडॅमला जाऊन बोललं. तेव्हापासून मामांचं मत असं की द्राक्ष हे फळ बोलकं आहे. त्याला बाटलीत घालून बूच लावलेलं बरं.

आता मामांच्या डोक्यात वाइन शिरायला कारण होतं. मराठी माणसानं परदेशात वाइन पाठवण्याचा इतिहास चांगला चाळीस वर्षांचा आहे. नारायणगावच्या शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेनवाल्यांचं तंत्रसाहाय्य घेतलं आणि जुन्नर तालुक्यात फेसाळती वाइन काढली. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावानं गेली, इथं 'मार्की द पाँपादूर' या नावानं राहिली. म्हणजे द्राक्ष शिवनेरीच्या पायथ्याचं, पद्धत फ्रान्सची, नाव इराणच्या कवीचं आणि पिणार इंग्रज. एवढं सगळं जमलं, फक्त बाटलीवर जुन्नर लिहून ती लंडनात खपेल असा भरवसा कुणाला नव्हता.

पुढं राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले. वाडवडिलांच्या जमिनीवर खायची द्राक्षं लावून बघितली आणि मग वाइनची लावली. २००० साली 'सुला'ची पहिली वाइन निघाली. नाव आईचं, सुलभाताईंचं. आईचं नाव दारूच्या बाटलीवर घालणारा मुलगा आमच्याकडं घराबाहेर काढला असता. पण ती बाटली परदेशी गेली, तेव्हा तो मातृभक्त ठरला. २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले आणि वाइन म्हणजे शेतीमालावरची प्रक्रिया असं कागदोपत्री ठरलं. ऊस पिळला की सहकार, द्राक्ष पिळलं की प्रक्रिया उद्योग.

२०११ साली तर कमाल झाली. विलायतेतल्या वेटरोज नावाच्या मोठ्या दुकानसाखळीनं दोन भारतीय वाइन फळीवर मांडल्या. एक 'झंपा सिरा', दुसरी 'रितू व्हिओनिये'. पहिली नाशिक जिल्ह्यातली, दुसरी बारामतीकडची. त्याच वर्षी भारत द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्यही झाला. पुढं मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये 'ज्युअल ऑफ नासिक' नावानं सुलाची वाइन लागली. वर्तमानपत्रांनी अभिमानानं छापलं की मराठी मातीतली वाइन साहेबाच्या किराणा दुकानात. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी उपोषणाला बसलं नाही. साहेबाच्या किराण्यात डाळ-तांदळाशेजारी नाशिकची वाइन उभी राहिली याचं आपल्याला कौतुक वाटलं.

आता हीच गोष्ट उलटी करून बघा. २७ जानेवारी २०२२. राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात, कुलपाच्या कपाटात, शाळा-देवळांपासून लांब, वाइन ठेवायला परवानगी द्यावी. वाइन तीच, द्राक्ष तेच, शेतकरीही तोच. पण विरोधकांनी महाराष्ट्राचं 'मद्यराष्ट्र' केलं, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, टीव्हीवर आठवडाभर घसे बसले आणि निर्णय अमलात न येताच थंडावला. लंडनच्या किराण्यात जे भूषण होतं ते लातूरच्या किराण्यात दूषण झालं. मामांनी त्या दिवसांत टीव्ही बघून मला विचारलं होतं, "भाच्या, हे विलायतेतले लोक पण किराणा आणायला पोरं घेऊनच जातात की?" मी हो म्हणालो. "मग त्यांची पोरं बिघडत न्हाईत?" मी म्हणालो, "मामा, ती लांबची पोरं आहेत."

तर अशा वातावरणात मामांनी कागद गोळा करायला घेतले. आणि पहिल्याच कागदावर त्यांना दरदरून घाम फुटला, कारण वाइन करायचा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो त्याचं नाव दारूबंदी अधिनियम. १९४९चा कायदा. आधी मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. दारू करायची असेल, विकायची असेल किंवा प्यायची असेल, तर दारूबंदीच्याच कायद्याखाली परवाना काढायचा. पिणाऱ्यानंही काढायचा असतो, एक दिवसाचा किंवा आजन्म. आणि तो मिळतो प्रकृती राखण्यासाठी. आमच्या तालुक्यात प्रकृतीची इतकी काळजी घेणारी माणसं आहेत, पण परवाना खिशात घेऊन फिरणारा मला अजून भेटायचाय. मामांनी मात्र पिण्याचा आजन्म परवाना काढून घेतला. ते स्वतः थेंबभर घेत नाहीत. पण निर्यातदारानं कागदात कमी पडू नये, हे त्यांचं तत्त्व.

दुसरा धक्का भूगोलाचा. मामांचा हिशेब असा होता की लंडन जमेस्तोवर जवळच्या बाजारात थोडा माल काढावा. जवळचा एक मोठा बाजार म्हणजे कर्नाटकातलं कलबुर्गी. आळंदला मामींचं माहेर, बसवकल्याणला आत्याचं सासर, वर्षातून दहा वेळा येणं-जाणं. लुगडं घेऊन जा, आंबे घेऊन जा, सून घेऊन या, कोणी विचारत नाही. पण वाइनचा खोका उमरग्याच्या पुढं न्यायचा, तर ती निर्यात. महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्काचा निर्यात परवाना, कर्नाटकचा आयात परवाना, तिथलं शुल्क, तिथं पुन्हा लेबलाची नोंदणी. मद्य हा घटनेनं राज्यांच्या यादीत टाकलेला विषय, त्यामुळं प्रत्येक राज्य हा एक स्वतंत्र देश. गुजरात तर असा देश की तिथं जाऊच नये. मामींना हे समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी माझं माहेर परदेशात हाय, हे तुमी लग्नात सांगितलं न्हवतं."

गावातल्या जाणत्या लोकांना मात्र या कागदांचं नवल वाटलं नाही. आमच्याकडं देवसुद्धा कागदावर फिरतो. जळकोटपासून थोड्याच अंतरावर अणदूर आणि नळदुर्ग ही शेजारची गावं. अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती एका गावातून दुसऱ्या गावात न्यायची तर दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. कधी न्यायची, कधी परत आणायची, सगळं लिहून. पालखी निघते ती त्यानंतर. "दोन गावांतला देव कराराबिगर हालत न्हाई," आबा म्हणाले, "अन् तू बाटली न्यायला निघालास. कागद तर लागणारच."

आणि गंमत अशी की लंडनचे कागद कलबुर्गीपेक्षा सरळ निघाले. युरोपीय संघात वाइन न्यायची तर व्हीआय-१ नावाचा दाखला लागतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून अल्कोहोल किती, आम्लता किती, गंधकाचा अंश किती, हे भरून द्यायचं. ब्रिटननं युरोपाशी काडीमोड घेतल्यावर जानेवारी २०२२ पासून हा दाखलाच काढून टाकला. ज्या जानेवारीत आपण स्वतःच्या वाइनला स्वतःच्या किराण्यात शिरू द्यायचं की नाही यावर भांडत होतो, त्याच जानेवारीत साहेबानं तिचा एक कागद कमी केला.

लेबल मात्र तिथंही काटेकोर. ७५० मिलिलिटर, अल्कोहोलचं प्रमाण, देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि 'यात सल्फाइट आहे' ही सूचना. लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर गंधक असलं की हे लिहावंच लागतं आणि ते बहुतेक प्रत्येक वाइनमध्ये असतं. मामांना हे आवडलं. द्राक्षाला गंधक मारण्यात त्यांची हयात गेली, पण त्याबद्दल बाटलीवर नाव छापून कौतुक होतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

खरा चमत्कार पुढं घडला. मामांचा थोरला मुलगा लंडनमधल्या हाउन्स्लोला कंप्युटरच्या नोकरीत आहे. त्यानं फोनवर विचारलं, "बाबा, आपली वाइन व्हीगन असणार का? इथं लोक विचारतात." मग उलगडा झाला. वाइन गाळून निवळ करायला जुन्या पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक वापरतात, दुधातलं केसीन वापरतात, माशाच्या पिशवीपासून काढलेला आयसिंग्लास वापरतात. त्याऐवजी बेंटोनाइट नावाची माती वापरली की वाइन शुद्ध शाकाहारी. मामांनी तिथल्या तिथं माती पसंत केली आणि संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं की आपली वाइन अंडं, मासा, दूध, काहीही न लावलेली आहे. आबांनी माळेवर हात ठेवून विचार केला. "म्हंजी दूधसुद्धा न्हाई? मग ती आमच्या खव्याच्या पेढ्यापेक्षा सोवळी झाली की." एकादशीला चालेल का, असा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारला, तेव्हा आबांनी विषय बदलला. पण मनातून ते थोडे हलले होते.

मग वेल. इथं मामांच्या आयुष्यभराच्या विद्येवर पाणी पडलं. वाइनचं द्राक्ष बघायला आम्ही अकलूजकडं मोटेवाडीला गेलो. 'फ्रातेल्ली'चे मळे तिथं आहेत. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा भावाभावांच्या जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला. मामांना तिथल्या टाक्यांपेक्षा याचंच आश्चर्य. "सख्खे भाऊ, तेही तीन घरचे, अन् अजून वाटणी न्हाई?" परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपर्यंत ते एवढंच बोलत होते.

मळ्यात मात्र ते गप्प झाले होते. वाइनचा घड म्हणजे मुठीएवढा. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. थॉमसनचा असा घड आला असता तर मामांनी औषध दुकानदाराची कॉलर धरली असती. तिथल्या माणसानं एक मणी तोडला, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळला, झाकण मिटून नळी उन्हाकडं धरली आणि मामांच्या हातात दिली. मामांनी डोळा लावला. निळी-पांढरी रेघ तेविसावर. तेवीस ब्रिक्स. मामांनी नळी खाली घेतली, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा एक मणी पिळून बघितला. तेवीसच. मग तो पिळलेला मणी तोंडात टाकला, बी दाताखाली फोडली, कडू तोंड केलं आणि हळूच म्हणाले, "जीए न्हाई, डिप न्हाई, विरळणी न्हाई. मग वर्षभर माणूस करतो काय?"

उत्तर असं की माणूस वर्षभर शब्द गोळा करतो. वाइन विकायची तर तिची चव शब्दांत लिहून द्यावी लागते. आम्हाला सोव्हिन्यों ब्लांकच्या एका बाटलीचं वर्णन वाचून दाखवलं, त्यात पेरू होता, हिरवी मिरची होती आणि नुकतंच कापलेलं गवत होतं. मामा दचकले. "गवत? तणनाशक मारलं न्हवतं का?" लाल वाइनच्या वर्णनात चामडं, तंबाखू आणि ओली माती आली. मामांच्या मते एवढं सगळं एका बाटलीत सापडत असेल तर प्रयोगशाळेनं माल पुन्हा अडवायला हवा. पण पुढं त्यांनी स्वतःच्या भावी वाइनचं वर्णन मला सांगून लिहून घेतलं. काळी जमीन, बोरी नदीचं पाणी, फेब्रुवारीतलं पहाटेचं गार वारं आणि शेवटी किंचित कढीपत्ता. कढीपत्ता का, विचारलं तर म्हणाले, "बांधावर हाय."

आता पैशाचं. मामांच्या दोन एकरांत, एकरी चार टनांच्या हिशेबानं, सात हजारांच्या आसपास बाटल्या निघतील. जहाजावरच्या वीस फुटी कंटेनरला लागतात दहा हजारांच्या जवळपास. म्हणजे मामांची सगळी कमाई कंटेनरात ठेवली तरी कोपऱ्यात एक संसार मांडता येईल एवढी जागा उरते. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर भागीदारीत जायचं, तेही गार कंटेनरात, कारण उन्हात वाइन शिजते आणि बूच वर येतं. २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. १४९८मध्ये वास्को द गामा ज्या वाटेनं मसाले शोधत आला, त्याच वाटेनं जळकोटची वाइन त्याच्या अंगणातून पुढं जाणार, तेही सात हजार किलोमीटरांऐवजी कितीतरी लांबून. आमच्या नियमानं तिची प्रतिष्ठा तेवढीच वाढायला हवी. वाढतं ते फक्त भाडं.

पोरानं हाउन्स्लोहून हिशेब पाठवला. समजा दुकानात बाटली आठ पौंडांना. त्यात वीस टक्क्यांप्रमाणे व्हॅट १.३३ पौंड. ऑगस्ट २०२३ पासून तिथं दारूवरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणात लावतात, २०२३च्या त्या दरानं साडेबारा टक्क्यांच्या बाटलीवर २.६७ पौंड. बेरीज बरोबर चार. म्हणजे आठातले चार थेट राजाच्या तिजोरीत. मामा कागद बघत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "राज्य गेलं, पण वसुली हाय अजून." उरलेल्या चारांत दुकानदार, आयातदार, जहाज, विमा, गोदाम, बाटली, बूच, लेबल, खोका आणि सगळ्यात शेवटी शेतकरी. त्यातही आठ पौंड मिळतील हे पोरानं धरलेलं, कारण त्याच फळीवर चिलीची, दक्षिण आफ्रिकेची, ऑस्ट्रेलियाची वाइन त्याहून स्वस्त उभी असते.

पोरानं फळीचा फोटोही पाठवला. फ्रान्सला दोन कपाटं, इटलीला दीड, स्पेनला एक. अगदी खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा कप्प्यात भारताची एक बाटली, लेबनॉन आणि जॉर्जियाच्या मधे. वर पाटी 'उर्वरित जग'. मामांना हे लागलं. आपल्याकडं १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, तेव्हा विदर्भाला एक मिळालं, मराठवाड्याला एक मिळालं आणि पुणे-नाशिक-कोल्हापूर सगळे 'उर्वरित महाराष्ट्रात' गेले. मराठवाड्याला मिळालेला तो एकमेव नावाचा मान. "इथं आमी उर्वरितात न्हवतो," मामा म्हणाले, "लंडनला जाऊन झालो."

मामांना मागचंही आठवत होतं. २००१च्या धोरणानंतर नाशिक, सांगली, सोलापूरच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली. पुढं जगात मंदी आली, मुंबईतल्या २६/११च्या हल्ल्यानंतर पर्यटक आणि हॉटेलं थंडावली, वाइनऱ्यांच्या टाक्या भरून राहिल्या आणि २००९-१०च्या सुमाराला अनेकांनी वेल उपटून टाकले. खायचं द्राक्ष कुणी घेतलं नाही तर शेडवर टाकून बेदाणा होतो. बियांचं, जाड सालीचं वाइनचं द्राक्ष कारखान्यानं घेतलं नाही तर ते कुणाचंच नाही. लोकलही नाही, एक्स्पोर्टचंही नाही. जुन्नरला जिनं सुरुवात करून दिली, ती चौगुल्यांची कंपनीसुद्धा पुढं कर्जात बुडाली. लंडनच्या फळीवर नाव लागलं म्हणून घरच्या फळीचं भाडं भागत नाही. आणि घरच्या फळीवर तर आपण तिला उभंही राहू देत नाही. वाइन करणारे बाहेरचे देश आपल्या वाइनला आधी आपल्या गावात उभं राहू देतात. आपला बेत उलटा. गावाला कळू न देता जगात नाव करायचं.

दिवाळीत मामांचा मुलगा हाउन्स्लोहून आला. येताना आठवणीनं दोन बाटल्या घेऊन आला, नाशिकच्याच. लंडनच्या दुकानातून विकत घेतलेल्या, वर पौंडांची किंमत. परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणायला मुभा असते, त्यात बसल्या. तिथं म्हणे तो गोऱ्या मित्रांकडं जेवायला जाताना मुद्दाम हीच बाटली नेतो आणि 'माझ्या राज्यातली आहे' म्हणून सांगतो. सासरे लातूरहून राहायला आले की मात्र तीच बाटली कपड्यांच्या कपाटात, स्वेटरच्या मागं. सासऱ्यांबरोबर ते अंतरही विमानानं येतं.

बाटल्या ओसरीवर टेबलावर ठेवल्या. आणि मी डोळ्यांनी बघितलं, गावातली माणसं एकेक करून बघायला आली. हातात घेऊन बघत होती. "फॉरेनची हाय?" "लंडनची." सरपंचांनी तिच्याबरोबर फोटो काढला. नाशिकहून एसटीनं आलेली असती तर तिला पिशवीत वर्तमानपत्र गुंडाळून मागच्या दारानं आत घेतलं असतं. सात हजार किलोमीटर जाऊन, सात हजार किलोमीटर परत आली, तेव्हा कुठं तिला ओसरीवर बसायला मिळालं. आबा लांबून बघत होते. ते म्हणाले, "शाकाहारी हाय का बघ त्याच्यावर." मुलानं बघितलं. होती. आबांनी ती हातात घेतली, लेबलावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. यापेक्षा मोठी मान्यता जळकोटात मिळणं शक्य नाही.

ते बघता बघता मामांना बेत सुचला. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि हिशेब मांडला. माल लंडनला पाठवायचा, तिथल्या फळीवर लावायचा आणि आपल्या तालुक्यातली जेवढी पोरं तिकडं नोकरीला आहेत, त्यांनी सुट्टीला येताना प्रत्येकानं दोन-दोन लिटर परत आणायचं. सात हजार बाटल्या म्हणजे साधारण अडीच हजार पोरं. तेवढी पोरं विलायतेला धाडली की सगळं पीक वाजतगाजत जळकोटात येईल, महामार्गाच्या २२० मीटरच्या आत, आणि कुणी ब्र काढणार नाही.

"कशी हाय आयडिया?" मामांनी मामींना विचारलं.

मामी दारातून बाटल्यांकडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "झकास हाय. अडीच हजार पोरं शिकून तयार होईस्तोवर थॉमसन काढू नका. बेदाण्याच्या शेडला जाळी मी सांगून ठेवलीय."